मापकाची परीक्षा : औषधनिर्माणातील मापनाच्या विश्वसनीयतेचा विचार

काही वर्षांपूर्वी आमच्या लहानशा औषधनिर्माणशाळेत घडलेला एक प्रसंग प्रारंभीच नमूद करतो. कारण प्रस्तुत विषयाचे महत्त्व आम्हांस प्रथम त्या प्रसंगाने पटले. च्यवनप्राशाच्या लागोपाठ दोन बॅचेसमधील बरण्यांना महिन्याभरात बुरशी आली. आवळा एकाच ठिकाणचा, साखर एकाच पोत्यातली, कढई तीच. फरक एवढाच की, या दोन्ही बॅचेस नव्याने कामास लागलेल्या एका मुलाने केल्या होत्या. जुन्या कारागिराच्या हातचा अवलेह मात्र उत्तम टिकला होता. ‘हात कच्चा आहे’ असा निर्णय आम्ही देऊन टाकला आणि त्या मुलास कढईवरून काढून बरण्या भरण्याच्या कामावर बसविले.

तथापि एक गोष्ट मनास टोचत राहिली. नोंदवहीत दोघांच्याही बॅचेससमोर रिफ्रॅक्टोमीटरचा एकच अंक लिहिलेला होता. ब्रिक्सचा अंश समान असताना एक अवलेह टिकावा आणि दुसरा बिघडावा, हे कसे? शेवटी एके दिवशी एकाच कढईतील अवलेह दोघांनाही स्वतंत्रपणे मोजावयास सांगितला, तेव्हा दोघांच्या अंकांत दोन-तीन अंशांचे अंतर पडले. जुना कारागीर कढईतील गरम थेंब तसाच काचेवर ठेवून तत्काळ वाचन घेत असे. मुलगा मात्र नमुना वाटीत काढून, थंड करून, मग मोजीत असे. द्रव्य गरम असता त्याचा अपवर्तनांक कमी होतो, म्हणून गरम थेंबाचे वाचन कमी येते. शिवाय उघड्या वाटीत निवताना थोडे पाणी उडून जाते, त्यामुळे थंड नमुन्याचे वाचन अधिकच वाढते. आमच्या कार्यपत्रकावरील अपेक्षित अंक पूर्वी केव्हातरी गरम थेंबावरूनच ठरलेला होता. साहजिकच मुलाच्या वाटीत तो अंक लवकर दिसे आणि तो कढई लवकर उतरवी. परिणामी पाक कच्चा राही.

मुलाचा हात कच्चा नव्हता; आमचे मापन कच्चे होते. त्याची आम्ही क्षमा मागितली आणि त्याला पुन्हा कढईवर घेतले. परंतु त्या दिवसापासून एक प्रश्न आमच्या मनातून गेलेला नाही : आपण औषधाची परीक्षा करतो, पण ज्याने ती परीक्षा करतो त्या मापनाची परीक्षा कोण करतो?

प्रमाण या शब्दाचे दोन अर्थ

आपल्या शास्त्रात ‘प्रमाण’ हा शब्द दोन अर्थांनी येतो. प्रमाण म्हणजे माप आणि प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन. हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदावेत, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. जे माप यथार्थ ज्ञान देत नाही ते केवळ अंक आहे, प्रमाण नव्हे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात, विद्यमान वस्तूही प्रत्यक्षाने का कळत नाही, याची कारणे सांगितली आहेत. वस्तू अतिशय जवळ वा अतिशय दूर असणे, आड काही येणे, इंद्रिय दुर्बल असणे, मन ठिकाणावर नसणे, वस्तू तिच्यासारख्याच दुसऱ्या वस्तूत मिसळणे, प्रबळ वस्तूने ती झाकोळली जाणे आणि ती अतिसूक्ष्म असणे, अशी ती कारणे होत. प्रत्यक्ष हे प्रमाण मान्य करूनही त्याच्या मर्यादा इतक्या स्पष्टपणे नोंदविणारी ही परंपरा आहे. तिच्या अनुयायांनी तराजूवरील अंक मात्र विनापरीक्षा स्वीकारावा, हे विसंगत होय.

आधुनिक उद्योगक्षेत्रात या परीक्षेस मापनप्रणालीचे विश्लेषण म्हणतात. मोटारनिर्मितीच्या क्षेत्रात तिला शिस्तबद्ध रूप आले. अमेरिकेतील वाहनउद्योगाच्या संघटनेने त्यावरील मार्गदर्शक पुस्तिका १९९० मध्ये प्रथम काढली व तिची चौथी आवृत्ती २०१० मध्ये निघाली. आज पिंपरी-चिंचवड किंवा चाकण परिसरात वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या लघुउद्योजकासही ‘गेज आर अँड आर’ हा शब्द परिचित असतो. औषधे करणाऱ्या आपल्या व्यवसायबंधूंस मात्र तो बहुधा अपरिचित आहे.

या विचाराचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. मापन केवळ उपकरण करीत नाही. उपकरण, मोजणारी व्यक्ती, मोजण्याची रीत, मोजला जाणारा नमुना आणि भोवतालची परिस्थिती ही पाचही मिळून मापन करतात. तराजूच्या अंशशोधनाचे म्हणजे कॅलिब्रेशनचे प्रमाणपत्र भिंतीवर लावले की आपले कर्तव्य संपले, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः ते प्रमाणपत्र पाचांपैकी एकाविषयीच बोलते. आमच्या रिफ्रॅक्टोमीटरमध्ये कोणताही दोष नव्हता, हे येथे लक्षात घ्यावे.

दोषांचे प्रकार

मापनातील दोष एकाच जातीचे नसतात. त्यांचे निदान वेगळे आणि उपचारही वेगळे.

पहिला दोष सूक्ष्मतेचा अभाव. उपकरणाचे लघुतम माप जितके स्थूल, तितका भेद दिसेनासा होतो. २५० मि.ग्रॅ. वजनाची वटी घेऊ. अशा गोळ्यांच्या वजनात सरासरीपासून ५ टक्क्यांची तफावत मान्य धरली, तर २३७.५ ते २६२.५ मि.ग्रॅ. असा २५ मि.ग्रॅ.चा पट्टा मिळतो. आता तराजूचे लघुतम माप १० मि.ग्रॅ. असेल, तर या पट्ट्यात २४०, २५० आणि २६० असे तीनच अंक दिसू शकतात. ते अंक कितीही व्यवस्थित लिहिले, तरी ते गोळ्यांचे वास्तव सांगत नाहीत. मान्य तफावतीच्या दहाव्या भागाइतका तरी भेद उपकरणास दिसावा, हा व्यवहारातील नियम आहे. त्यानुसार येथे १ मि.ग्रॅ. दाखविणारा तराजू हवा.

दुसरा दोष कायमच्या कलाचा. येथे वाचने परस्परांशी जुळतात, पण सर्वच सत्यापासून एकाच बाजूस सरकलेली असतात. हा दोष उपकरणात असतो तसाच रीतीतही असतो. चूर्णातील जलांश काढताना आपण नमुना १०५ अंश सेल्सिअसला सुकवितो आणि घटलेले वजन म्हणजे पाणी असे समजतो. परंतु लवंग, वेलची, दालचिनी यांसारख्या सुगंधी द्रव्यांतील उडनशील तेलही त्या उष्णतेत निघून जाते. पाणी आणि तेल एकाच घटीत मिसळतात आणि पाण्याचा अंक फुगतो. चरकोक्त कारणांतील सदृश वस्तूत मिसळण्याचे हे उत्तम उदाहरण होय. अशा द्रव्यांसाठी टोल्युइनसह ऊर्ध्वपातन करून पाणी वेगळे मोजण्याची रीत अधिक विश्वसनीय ठरते.

तिसरा दोष स्थैर्याचा अभाव. आज योग्य असलेले साधन सहा महिन्यांनी तसे राहीलच असे नाही. चाळणीची जाळी वापराने ताणली जाते, तिची छिद्रे मोठी होतात आणि ‘सूक्ष्म’ म्हणून नोंदलेले चूर्ण हळूहळू जाड होत जाते. विद्युत भट्टीतील तापमापक तार वारंवार तापून जुनी झाली की पुटाचे तापमान चुकीचे दाखवू लागते. भस्म करणाऱ्यास या चुकीचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

चौथा दोष पुनरावर्तनाचा. त्याच व्यक्तीने, त्याच उपकरणाने, तोच नमुना पुन्हा मोजला असता अंक बदलतो. पाचवा पुनरुत्पादनाचा. व्यक्ती बदलली की अंक बदलतो. आमच्या च्यवनप्राशाचा रोग हा पाचव्या प्रकारचा होता. सामान्यतः पुनरावर्तनात दोष दिसल्यास प्रथम उपकरण आणि त्याची जागा तपासावी; पुनरुत्पादनात दिसल्यास प्रथम कार्यपद्धती आणि प्रशिक्षण तपासावे.

प्रत्यक्ष परीक्षा कशी करावी?

ही परीक्षा खर्चिक नाही. गोळ्यांच्या वजनाचेच उदाहरण पुढे नेऊ. एका बॅचमधून दहा गोळ्या निवडाव्यात. त्या सगळ्या सारख्या नसाव्यात, हलक्या-जड अशा मिसळलेल्या असाव्यात. प्रत्येकीस गुप्त क्रमांक द्यावा. नेहमी वजन करणाऱ्या तीन व्यक्तींनी प्रत्येक गोळी दोन वा तीन वेळा मोजावी. मोजण्याचा क्रम दर वेळी बदलावा आणि आधीचे अंक मोजणाऱ्यास दिसू देऊ नयेत. ही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. कारण मागील अंक डोळ्यांसमोर असला की नकळत पुढील अंक त्याच्याशी जुळविला जातो.

समजा, या वाचनांवरून पुनरावर्तनाचे प्रमाण विचलन ०.६ मि.ग्रॅ. आणि व्यक्तिभेदाचे ०.८ मि.ग्रॅ. निघाले. ही दोन विचलने सरळ मिळवावयाची नसतात. त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यावयाचे असते. ०.३६ आणि ०.६४ मिळून १, म्हणून एकत्रित विचलन १ मि.ग्रॅ. मापनातील जवळजवळ सर्व विखुरणे सहा विचलनांत सामावते, असे धरून ६ मि.ग्रॅ. ही रुंदी घ्यावी आणि २५ मि.ग्रॅ.च्या मान्य पट्ट्याशी तुलना करावी. उत्तर येते २४ टक्के. प्रचलित निकषानुसार हे प्रमाण १० टक्क्यांहून कमी असल्यास मापनप्रणाली उत्तम, १० ते ३० टक्के असल्यास कामाचे महत्त्व पाहून सशर्त मान्य, आणि ३० टक्क्यांहून अधिक असल्यास अग्राह्य मानतात.

म्हणजे या उदाहरणात मान्य पट्ट्याचा जवळजवळ चौथा भाग मापनानेच गिळला आहे. सीमेवरील गोळी चांगली की वाईट, हा निर्णय येथे गोळी देत नाही. त्या दिवशी तराजूवर कोण बसले होते, यावर तो ठरतो. यातील मोठा वाटा व्यक्तिभेदाचा असल्याने नवा तराजू घेणे हा उपचार नव्हे. कोणी पंखा चालू ठेवून वजन करतो, कोणी अंक स्थिर होण्याआधीच लिहितो, कोणी शून्य तपासत नाही, ही कारणे आधी शोधावीत. नमुन्याकडेही पाहावे. हवेतील ओलावा शोषणारी वटी पावसाळ्यात ताटलीत उघडी राहिली, तर पहिल्या आणि तिसऱ्या वाचनाच्या दरम्यान तिचे वजनच बदललेले असते. तेथे दोष तराजूचा नाही आणि माणसाचाही नाही.

इंद्रियांनी केलेल्या परीक्षेचे काय?

येथे काही ज्येष्ठ वैद्य म्हणतील की, आमची स्नेहपाकाची परीक्षा यंत्रावर अवलंबून नाही. कल्काची वर्ती होते का, ती अग्नीवर टाकली असता आवाज होतो का, तैलात फेस येतो का, घृताचा फेस शमतो का, हे अनुभवी हात आणि डोळा अचूक ओळखतो. आम्हांसही हे मान्य आहे. भस्माचे वारितरत्व, रेखापूर्णत्व, निश्चंद्रत्व या परीक्षा शतकानुशतके उपयोगी ठरल्या आहेत. परंतु हात आणि डोळा हीदेखील मापनाची साधनेच आहेत. म्हणून त्यांचीही परीक्षा होऊ शकते आणि ती झाली पाहिजे.

रीत तशीच सोपी आहे. पाकाच्या निरनिराळ्या अवस्थांतील वीस नमुने दोन वैद्यांनी परस्परांस न कळता पाहावेत व ‘सिद्ध’ वा ‘असिद्ध’ असा निर्णय लिहावा. समजा, वीसपैकी १६ नमुन्यांबाबत दोघांचे एकमत झाले. ८० टक्के एकमत ऐकावयास समाधानकारक वाटते. परंतु दोघांनीही वीसपैकी १४ नमुने ‘सिद्ध’ म्हटले असतील, तर नमुना न पाहता केवळ त्या प्रमाणात अंदाज केला असतानाही सरासरी ५८ टक्के एकमत झालेच असते. योगायोग वगळून उरलेले एकमत मोजण्याचे गणित जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडले. त्यास ‘कप्पा’ म्हणतात. येथे ८० मधून ५८ वजा जाता २२ उरतात. एकमतास योगायोगाच्या पुढे उरलेला वाव ४२ चा आहे. २२ भागिले ४२ म्हणजे सुमारे ०.५२. सोळा आण्यांपैकी एकमत आठव्या-नवव्या आण्यापलीकडे गेले नाही, असेच म्हणावे लागेल.

या निष्कर्षाने कोणाचा अवमान होत नाही. उलट मतभेद झालेले चार नमुने समोर ठेवून दोन वैद्य बोलू लागले की मध्यम पाक आणि खर पाक यांच्या सीमेविषयी जे ज्ञान इतके दिवस एका व्यक्तीच्या बोटांत होते, ते शब्दांत उतरते आणि पुढील पिढीस देता येते. गुरुशिष्यपरंपरेस याहून पोषक असे दुसरे काय असेल?

बाहेरील प्रयोगशाळेचा अंक

आपल्या मापनाचा प्रश्न भिंतीपलीकडेही जातो. सन २००४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांचे पृथक्करण प्रसिद्ध झाले. त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारद किंवा आर्सेनिक आढळले. त्यानंतर १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या केवळ वनस्पतिजन्य औषधांसाठी जड धातूंची तपासणी भारत सरकारने अनिवार्य केली. शिसे १०, आर्सेनिक ३, पारद १ आणि कॅडमियम ०.३ भाग प्रति दशलक्ष, या मर्यादा आता आपणां सर्वांस परिचित आहेत.

अशा अहवालांना आपण पुष्कळदा संतापाने उत्तर दिले, अंकांनी क्वचितच. अंकांनी उत्तर द्यावयाचे तर आपला अंक भक्कम हवा. पारदाचेच पाहा. पारद उडनशील आहे. नमुना उघड्या पात्रात तापवून विरघळविला तर त्याचा काही अंश हवेत निघून जातो आणि अहवालात अंक कमी येतो. रससिंदूरासारख्या कल्पातील पारदाचे गंधकाशी झालेले संयुग केवळ नत्राम्लात नीट विरघळत नाही; त्यास नत्राम्ल व लवणाम्ल यांचे मिश्रण लागते. म्हणजे नमुना विरघळविण्याची रीत बदलली की त्याच औषधाविषयी दोन प्रयोगशाळा दोन अंक देऊ शकतात. त्यांतील सोयीचा अंक स्वीकारावयाचा आणि दुसरा फाडून टाकावयाचा, हा मार्ग वैद्यास शोभणारा नाही. कमी आलेल्या अंकाचा भार अखेर रुग्णाच्या शरीरावरच पडतो.

यासाठी आम्ही एक साधा उपाय अवलंबितो. एकाच बॅचचा नीट मिसळलेला नमुना दोन भाग करून, दोन वेगळ्या सांकेतिक क्रमांकांनी त्याच प्रयोगशाळेत पाठवावा. दोन अहवालांतील अंतर हीच त्या प्रयोगशाळेची आपल्यापुरती परीक्षा. तसेच नमुना विरघळविण्याची रीत कोणती, ज्ञात प्रमाणात घातलेला धातू तपासणीत किती टक्के परत मिळाला आणि अंकाची अनिश्चितता किती, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. शिशाचा अंक ९ आला आणि अनिश्चितता २० टक्के असेल, तर खरे मूल्य ७.२ ते १०.८ यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. असा अहवाल ‘मर्यादेत’ म्हणून फाईल करणे धोक्याचे आहे.

अखेरीस

सन २००० मध्ये शेड्यूल ‘टी’ लागू झाल्यापासून आपल्या निर्माणशाळांत नोंदवह्या वाढल्या. हे स्वागतार्हच आहे. परंतु नोंदवही भरणे आणि नोंद विश्वसनीय असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पूर्वसूरींनी मागध आणि कालिंग अशी दोन माने नोंदविली आणि कोणते मान घ्यावे याची चर्चा केली. कारण माप सांगताना ते कोणत्या पद्धतीचे, हे सांगितल्यावाचून अर्थ पुरा होत नाही, याची त्यांना जाण होती. तीच जाण आज तराजू, भट्टी आणि रिफ्रॅक्टोमीटर यांच्याबाबत ठेवावयाची आहे.

वैद्यबंधुभगिनींस आमची नम्र विनंती एवढीच की, या त्रैमासिकाचा पुढील अंक हाती येण्यापूर्वी आपल्या निर्माणशाळेतील एका तरी मापनाची वरील रीतीने परीक्षा करावी. दहा नमुने, तीन माणसे आणि एक दुपार पुरेशी आहे. निष्कर्ष अनुकूल आला तर आत्मविश्वास वाढेल. प्रतिकूल आला तर एखाद्या निरपराध हातावर ठेवला जाणारा ठपका टळेल आणि एखाद्या रुग्णापर्यंत जाणारे कच्चे औषध वेळीच थांबेल.

आमच्या कार्यपत्रकावर आता अंकाशेजारी एक ओळ अधिक छापलेली आहे : नमुना झाकून थंड करावा, मग वाचन घ्यावे. अपेक्षित अंकही त्यानुसार नव्याने ठरविला आहे. ती ओळ त्या मुलाने सुचविली. आज कढईची जबाबदारी त्याच्याकडे आहे.